ठोकळ्यातला द

बोर्डावर तीनच शब्द यायचे होते. तीन शब्दांत माणसाची किती शोभा होऊ शकते हे मथळेकाकांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे होते, कारण त्यांची सगळी नोकरी तीन-तीन शब्दांत दुसऱ्यांची शोभा करण्यात गेली होती.

मथळे हे त्यांचे आडनाव नव्हे. एका दैनिकात ते पहिल्या पानाचे मथळे देत असत. नोकरी संपली, हाक राहिली. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. मथळेकाकाही बाईच म्हणत. लग्नानंतर हे थट्टेने सुरू झाले होते. पुढे थट्टा विसरली गेली आणि सवय राहिली.

आता बाईही निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या गणिताचा क्लास काढायचे ठरवले होते. या बातमीवर पहिली प्रतिक्रिया आली ती बाईंच्या धाकट्या भावाची, म्हणजे मथळेकाकांच्या मेहुण्यांची. चौकातला मोठा क्लास त्यांचाच. त्यांच्या दारावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असलेला एक प्रचंड फ्लेक्स होता. मधोमध मेहुण्यांचा स्वतःचा फोटो होता आणि तो मुलांच्या फोटोंपेक्षा मोठा होता, त्यामुळे पहिले नक्की कोण आले याबद्दल नवख्या माणसाचा गोंधळ होई.

"ताई, या वयात कशाला हा खटाटोप?" मेहुणे म्हणाले. "माझ्याकडे ये. सी बॅच तुझी."

"सी बॅच म्हणजे?"

"म्हणजे, ज्यांना जरा जास्त वेळ लागतो ती मुलं."

"ढ."

"मी त्यांना तसं म्हणत नाही."

"तू म्हणत नाहीस. तू नुसती बॅच वेगळी काढतोस."

यामागे थोडा इतिहास होता. शाळेत अ, ब, क, ड अशा तुकड्या होत्या आणि बाईंच्या वाट्याला दरवर्षी ड आली. स्टाफरूममध्ये तिला ढ तुकडी म्हणत आणि वेळापत्रक हातात पडले की कुणीतरी हटकून हळूच म्हणे, "बाई, तुमची ढ आली." बाई वेळापत्रकाची घडी करून पिशवीत ठेवत. त्या ड तुकडीला शिकवत आणि पास करत. अ तुकडीतली मुले आपली आपण पास होत आणि त्यांच्या शिक्षकांचे सत्कार होत.

"सोमवारी शाळा उघडतात," बाई भावाला म्हणाल्या. "त्या दिवशी माझी पुढची खोली मुलांनी भरली नाही, तर मंगळवारपासून तुझ्याकडे येते. सी बॅच घेते, तू देशील ती. मग तर झालं?"

मेहुण्यांनी तिथल्या तिथे खोलीत किती मुले मावतील याचा अंदाज घेतला. ते मनाने वाईट नव्हते, पण जागा दिसली की त्यांच्या डोक्यात आपोआप बाके मांडली जात.

ते गेल्यावर बाई मथळेकाकांना म्हणाल्या, "अहो, एक बोर्ड तेवढा करून आणा. साधाच. अक्षर लांबून दिसलं की झालं."

एवढे वाक्य त्यांनी उच्चारले नसते, तर पुढचे काही घडले नसते.

लांबून दिसणारे अक्षर म्हणजे काय, याबद्दल मथळेकाकांच्या मनात शंकेला जागा नव्हती. ते अक्षर म्हणजे ठोकळा. छापखान्यात शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे सुट्या अक्षरांचा, जमाना होता तेव्हा फार मोठ्या बातमीसाठी लाकडात कोरलेल्या अक्षरांचा एक जुना संच होता, त्याला सगळे ठोकळा म्हणत. जाड, काळी, रुंद बांध्याची अक्षरे. आणि प्रत्येक दांडीच्या तळाशी एक आडवा चौकोनी तुकडा, जणू अक्षराने बूट घातले आहेत. आपल्या लिपीतली अक्षरे एरवी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरच्या रेघेला लोंबकळत असतात. खाली टेकायची त्यांना सवय नाही. ठोकळ्यातली अक्षरे मात्र जमिनीवर पाय रोवून उभी राहत. जुन्या काळी सर्कशीच्या आणि केशतेलाच्या जाहिरातींत अशीच अक्षरे असत. पुढे कॉम्प्युटर आले, बारीक, सडपातळ, वजन कमी केल्यासारखी अक्षरे आली, आणि ठोकळा एका पोत्यात भरून कुठेतरी गेला. मथळेकाकांनी चौकशी केली होती. कुणाला सांगता आले नाही. आपल्या निरोपसमारंभाला आपल्याबद्दल जे बोलले गेले त्यापेक्षा ठोकळ्याबद्दल काहीच बोलले गेले नाही याचे त्यांना जास्त वाईट वाटले होते. पण हे त्यांनी कुणाला सांगितलेले नव्हते.

आता संधी आली होती. जगातून गेलेला ठोकळा निदान एका बोर्डावर परत येणार होता.

आधी मजकूर. बाईंनी लिहून ठेवले होते : 'इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मार्गदर्शन. अनुभवी शिक्षिका.' मथळेकाकांनी लाल पेन काढले.

"'विद्यार्थ्यांसाठी' उडवा. दहावीचं गणित आणखी कोणासाठी असणार?"

"बरं."

"'मार्गदर्शन' नको. ज्याला शिकवता येत नाही तो मार्गदर्शन करतो."

"हे बाकी खरं."

"'अनुभवी' कशाला? ते बघितल्यावर कळतंच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. मथळेकाकांनी घाईने 'शिक्षिका' खोडून 'बाई' केले आणि कागद पुढे सरकवला. कागदावर उरले होते : दहावी गणित बाई!

"हे उद्गारचिन्ह?"

"ते ठोकळ्याला शोभतं."

आणि इथे मथळेकाका थबकले. दहावी. शब्दाची सुरुवातच द ने होत होती.

ठोकळ्यातला द फुटका होता. मथळेकाका नोकरीला लागले त्याच्याही आधी तो कधीतरी कुणाच्या तरी पायाखाली येऊन चिरला होता, आणि लाकडात नवा द कोरून घ्यावा हा विषय व्यवस्थापनाकडे कायम विचाराधीन होता. त्यामुळे मोठा मथळा द शिवाय द्यायचा असा विभागाचा रिवाजच पडला. दंगल झाली की 'जाळपोळ'. दुष्काळ पडला की 'अवर्षण'. दरोडा पडला तर 'लूट'. एकदा मंत्रिमंडळात मोठा फेरबदल झाला, तो वाचकांपर्यंत 'उलथापालथ' म्हणून पोचला आणि मंत्र्यांनी खुलासा मागवला. मथळेकाका द टाळण्यात इतके तरबेज झाले होते की घरीही ते दाराला 'कवाड' म्हणून गेले होते.

"दहावीला दुसरा काही शब्द?" त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"दहावीला दहावीच म्हणतात," बाई म्हणाल्या.

म्हणजे ठोकळ्यातला द मथळेकाकांनी जन्मात पाहिला नव्हता आणि तो आता त्यांना स्वतःच घडवावा लागणार होता. त्यांनी आलेखाचे कागद आणले, पट्टी आणली, जुन्या अंकांची बांधणी काढली. ह, व, ग, ण, त, ब, ई : सगळे नमुने सापडले. द साठी मात्र ते सकाळभर पट्टी धरून बसले. द ला दांडी नाही, पाय नाही, खाली एक तिरकी शेपटी तेवढी आहे. बूट घालायचा कुठे? शेवटी त्यांनी शेपटीलाच एक भक्कम चौकोनी तुकडा लावला. पोट जाड केले. गाठ आणखी जाड केली. कागद लांब धरून पाहिला. अक्षर देखणे दिसत होते, ताकदवान दिसत होते. आपल्याला इतकी वर्षे ज्याच्याशिवाय काम चालवावे लागले तो हा, असे वाटून मथळेकाका क्षणभर हळवे झाले आणि लगेच रेघा मारू लागले.

शेजाऱ्यांना सल्ल्यासाठी बोलवावे लागत नाही. वरच्या मजल्यावरचे बँकवाले जिन्यात भेटले, त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला.

"प्रत्येक अक्षराचा पाय मोडलाय तुम्ही," ते म्हणाले.

"पाय मोडला नाही. पाय दिलाय."

"मला शाळेत शिकवलंय, अक्षराच्या खाली काही काढलं की पाय मोडला. हे मी वाचणार 'गणित्'. 'बाई' तर मला उच्चारताच येत नाही." त्यांनी एक-दोनदा प्रयत्न करून दाखवला. "बघा. जीभ अडकते."

"जीभ अडकायचं कारण वेगळं असेल."

"आणि एवढं जाड कशाला? साध्या अक्षरात लिहिलं तर गणित कमी येतं का?"

यावर मथळेकाकांकडे उत्तर होते, पण ते जिन्यात उभ्याने सांगण्यासारखे नव्हते.

मग सेक्रेटरी आले. त्यांच्या मते सोसायटीच्या आवारात कुठल्याही खाजगी बोर्डाचे अक्षर सोसायटीच्या नावातल्या अक्षरापेक्षा उठून दिसता कामा नये. सोसायटीच्या नावातली निम्मी अक्षरे गळून पडली होती आणि उरलेल्यांवर कबुतरे बसत, तेव्हा त्यापेक्षा कमी उठून दिसायचे तर बोर्ड कोराच ठेवावा लागला असता. मथळेकाकांनी हे बोलून दाखवले. सेक्रेटरींना ते लागले.

"मग पालिकेची परवानगी आणा," ते म्हणाले. "मी आडवा येणार नाही. नियम आडवा आला तर माझा इलाज नाही."

पालिकेच्या परवाना खात्यात एक शांत स्वभावाचे साहेब बसत. त्यांनी रेखाटन टेबलावर पसरले, कडेला पेपरवेट ठेवले आणि एकेक अक्षर नीट पाहिले.

"हा नामफलक आहे की जाहिरात?"

"नामफलक."

"नामफलकाला परवानगी लागत नाही. जाहिरातीला लागते, आणि निवासी इमारतीवर जाहिरातीला परवानगी मिळत नाही."

"म्हणजे हा नामफलक आहे म्हणून—"

"थांबा. नामफलक सांगतो, जाहिरात ओरडते. हे ओरडतंय."

मथळेकाका मनातून सुखावले. आपली अक्षरे ओरडावीत यासाठीच त्यांना आयुष्यभर पगार मिळाला होता, पण असे तोंडावर कबूल करणारा वाचक त्यांना प्रथमच भेटत होता.

"अक्षर बारीक करा," साहेब म्हणाले.

"ते होणार नाही."

"मग काय करायचं?"

मथळेकाकांनी विचार केला. "उद्गारचिन्ह काढतो."

साहेबांनी तर्जनीने उद्गारचिन्ह झाकून पाहिले. बोट उचलले, पुन्हा झाकले. शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाईंनाही दाखवले. "आता तितकंसं ओरडत नाही, नाही का?"

"आता नुसतं दरडावतंय," त्या म्हणाल्या.

"दरडावण्याबद्दल नियमात काही नाही," साहेब म्हणाले, आणि रेखाटन गुंडाळून परत दिले.

पेंटर चांगला कलावंत होता. ट्रकच्या मागच्या फळीवर त्याने रंगवलेली अक्षरे दूरवर फिरून येत, असे तो सांगे. त्याचा जीव सावलीत होता. अक्षराला उजवीकडे खाली लाल किंवा निळी सावली दिली की ते फळीतून उठून येते. सावलीशिवाय अक्षर म्हणजे त्याला अर्धवट कपडे घातलेला माणूस वाटे.

"सावली कुठली देऊ, काका?"

"सावली नको."

"मग सोनेरी कड?"

"काही नको. हे आहे तसंच्या तसं उतरव. एक केसही इकडचा तिकडे नको."

"उतरवतो. मी वाचत नाही, नुसतं काढतो. वाचायला लागलो की चुका होतात."

मथळेकाकांना हे फार पटले. त्यांनी असे कितीतरी उपसंपादक पाहिले होते.

बोर्ड तयार झाला तो शुक्रवारी. पेंटरने शब्द जवळजवळ पाळला होता. फक्त पहिल्या अक्षराला, नमुना म्हणून, त्याने काळ्या रंगातच एक जाड सावली दिली होती. "आवडली तर बाकीच्यांना देऊ," तो म्हणाला. "काळ्यावर काळी आहे, कळणारसुद्धा नाही." मथळेकाकांनी वाद घातला असता, पण शनिवार, रविवार आणि मग सोमवार होता. बोर्ड फाटकाच्या वर चढवला गेला. पिवळी फळी, तिच्यावर काळीभोर अक्षरे. ती बुटांसकट उभी होती आणि रस्त्याच्या टोकापासून दिसत होती.

पहिला परिणाम लगेच झाला. समोरच्या इमारतीतले म्हातारे गृहस्थ, जे एरवी औषध आणायलासुद्धा रस्ता ओलांडत नसत, ते काठी टेकत टेकत आले. फाटकाशी उभे राहून त्यांनी टोपी काढली.

"कधी झालं?" त्यांनी दबल्या आवाजात विचारले.

"काय कधी झालं?"

"बाई... गेल्या ना?"

दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "नाही हो. इथेच आहे."

म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा बाईंकडे आणि एकदा बोर्डाकडे पाहिले. त्यांचा कल बोर्डावर विश्वास ठेवण्याकडे होता. चूक त्यांची नव्हती. ते त्या दैनिकाचे जुने वाचक होते आणि ठोकळा दिसला की कुणीतरी मोठे माणूस गेले, हे त्यांच्या डोळ्यांत पक्के बसले होते. मथळेकाकांनीच ते बसवले होते. दुपारपर्यंत आणखी दोन जुने वाचक येऊन हळहळून गेले. तिसऱ्याला बाईंनी चहा दिला, तेव्हा तो दचकला.

विद्यार्थी मात्र एकही आला नाही. शनिवार गेला. रविवारी सकाळी बाईंनी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, फळा पुसला, खडू फोडून दोन-दोन तुकडे करून ठेवले. मग खुर्चीवर बसून त्या फळ्याकडे पाहत राहिल्या. मथळेकाकांनी वर्तमानपत्र वाचत असल्याचे सोंग केले. त्यांना शब्द दिसत नव्हते. आपण हौस केली आणि बायको सी बॅचमध्ये निघाली, एवढाच मजकूर त्यांना सगळ्या रकान्यांत दिसत होता.

मेहुणे आले ते हसत. फाटकातच थांबून त्यांनी बोर्डाकडे बोट केले आणि हसू आवरेना म्हणून स्कूटरला टेकून उभे राहिले.

"भाऊजी, हे मुद्दाम आहे की काय?"

"काय?"

"ढहावी!"

मथळेकाका बाहेर आले. चप्पलही न घालता रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि वाचक म्हणून त्यांनी प्रथमच बोर्डाकडे पाहिले. शेपटीचा बूट, जाड गाठ आणि वर पेंटरची ती कळणारसुद्धा नाही अशी सावली : तिघांनी मिळून द चे तोंड आत वळवून टाकले होते. पिवळ्या फळीवर, रस्त्याच्या टोकापासून स्पष्ट वाचता येईल असे लिहिले होते : ढहावी गणित बाई.

"ढहावी," मेहुणे पुन्हा म्हणाले. त्यांना तो शब्द तोंडात घोळवायला आवडत होता. "ढ मुलांची दहावी. ताई, तू सी बॅच नको म्हणालीस आणि भाऊजींनी तुला घरबसल्या दिली!"

बाई दारात आल्या होत्या. त्यांनी बोर्ड वाचला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. स्टाफरूममध्ये वेळापत्रक हातात पडल्यावर त्यांचा चेहरा जसा होई तसा झाला. मथळेकाकांनी तो चेहरा पूर्वी कधी पाहिला नव्हता, कारण ते त्या स्टाफरूममध्ये कधी गेले नव्हते.

"तो द आहे," मथळेकाका म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

"मंगळवारी रिक्षा पाठवतो, ताई!" मेहुण्यांनी आत ऐकू जाईल अशा बेताने सांगितले आणि स्कूटर सुरू केली.

मथळेकाकांनी पेंटरला फोन लावला. पेंटर कुठल्याशा गावी एका ट्रकबरोबर होता आणि ट्रकसारख्याच मोठ्या आवाजात बोलत होता; सावली आवडली एवढेच त्याने त्यातून ऐकले. तेव्हा मथळेकाकांनी स्वतःच शिडी मागितली. शिडी सेक्रेटरींच्या ताब्यात होती. सोसायटीची शिडी खाजगी बोर्डाला देता येईल का, यावर त्यांनी विचार केला आणि, बोर्ड काढायचा असेल तर देता येईल, असा तोडगा काढला. मथळेकाकांनी काढायचाच आहे असे सांगितले. पिवळा आणि काळा असे रंगाचे दोन डबे त्यांनी शिडीच्या पायरीवर ठेवले. बँकवाले आपण होऊन शिडी धरायला आले, म्हणजे शिडीला टेकून वर पाहत राहिले.

बेत साधा होता. पिवळ्या रंगाने गाठीचा आतला भाग झाकायचा, शेपटी मोकळी करायची, की झाला द. मथळेकाकांनी आयुष्यभर एका शब्दाने बातमीचे तोंड फिरवले होते. एका फटकाऱ्याने अक्षराचे फिरवणे त्यांना अवघड वाटले नाही. त्यांनी ब्रश बुडवला आणि ऐटीत फटकारा ओढला.

"काका," खालून बँकवाले म्हणाले, "तो काळा डबा."

आता काही उरले नव्हते. तोपर्यंत ते अक्षर निदान वादाचे तरी होते. आता तो गोल गाठीचा, आत वळलेला, बालवाडीच्या पुस्तकात छापावा असा निर्विवाद ढ होता. मथळेकाका शिडीवर तसेच उभे राहिले. काळा रंग मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. आपल्या निधनाची बातमी लागलीच तर ती बारीक अक्षरात लागावी, असे त्यांना त्या क्षणी वाटले.

"अहो, ऐकलंत का?" खालून कुणीतरी म्हणाले. फाटकापाशी एक बाई उभ्या होत्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर घाम. "ढहावीचा क्लास तो हाच का?"

"नाही," मथळेकाका वरून म्हणाले. "दहावीचा."

"बोर्डावर ढहावी आहे."

"ते चुकून—"

"नाही म्हणजे, माझा मुलगा..." त्या बाईंनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "त्याला गणित येतच नाही हो. सगळे क्लास फिरले. सगळीकडे विचारतात, किती मार्क पडतात? सांगितलं की म्हणतात, जागा भरल्या. फोटो लावायला उपयोगी नाही ना तो. मी बसमधून हा बोर्ड वाचला आणि पुढच्या थांब्यावर उतरले. म्हटलं, एवढ्या मोठ्या अक्षरात स्वच्छ लिहिलंय. इथे तरी मार्क विचारणार नाहीत."

मथळेकाका तोंड उघडणार होते. तोवर दारातून बाईंचा आवाज आला.

"हो, हाच. या आत. मुलाला आणलंय का?"

"घरी आहे. लाजतोय."

"उद्या सकाळी पाठवा. मार्कांचं काही सांगू नका. मला ते लागत नाही."

त्या गेल्यावर मथळेकाका शिडीवरून उतरले. "बाई," ते म्हणाले, "मी आत्ताच्या आत्ता पुसतो सगळं. पुन्हा नीट—"

"हात लावाल तर बघा."

"पण ढ लिहिलंय तिथे."

"वाचता येतंय मला." बाईंनी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. "शाळेत सगळे कुजबुजत म्हणायचे. मला वाटायचं, एकदा कुणीतरी मोठ्याने म्हणावं. आत या, हात धुवा. फाटकाला काळं लागेल."

सोमवारी पुढची खोली भरली. ज्या मुलांच्या घरी गणित हा शब्द जेवताना काढायचा नाही असा अलिखित नियम होता, त्या घरांतली मुले बोर्ड वाचून आली. एकाने दारातच विचारले, "बाई, चुकलं तर चालेल ना?" बाई म्हणाल्या, "चुकायलाच बोलावलंय. बरोबर येणाऱ्यांसाठी चौकात क्लास आहे." दुसरी तुकडी संध्याकाळी घ्यावी लागली, कारण सतरंजीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. बँकवाल्यांची धाकटी मुलगी त्या दुसऱ्या तुकडीत होती. तिचे वडील पुन्हा कधी अक्षरांच्या पायांबद्दल बोलले नाहीत.

मथळेकाकांची मात्र पंचाईत झाली. येणारा-जाणारा त्यांचे अभिनंदन करी. "ढहावी! काय शब्द काढलात, काका. वर्तमानपत्रात मुरलेला माणूस तो!" परवाना खात्यातले साहेबसुद्धा जाता जाता थांबून म्हणाले, "सुचलं कसं तुम्हाला?" तो द आहे, असे मथळेकाका प्रत्येकाला सांगत, लोक हसून डोळा मिचकावत आणि हाही विनोद समजत. माणसाने जन्मभर शब्द जपून वापरावेत आणि नाव व्हावे ते रंगाच्या चुकीच्या डब्याने, यात काही न्याय आहे का, असे ते बाईंना विचारत. बाई वह्या तपासत असत.

पहिली चाचणी परीक्षा झाली आणि एका दुपारी मेहुणे आले. स्कूटर त्यांनी पुढच्या गल्लीत लावली होती. फाटकातून न येता ते मागच्या, कपडे वाळत घालायच्या बाजूने आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"ताई, जरा घरचं काम होतं."

"बोल."

"आपला धाकटा. गणितात... त्याला जरा जास्त वेळ लागतो."

"सी बॅचमध्ये घाल की."

"माझ्या क्लासमध्ये, माझा मुलगा, सी बॅचमध्ये? लोक काय म्हणतील?"

बाईंनी कणीक मळता मळता भावाकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आज फ्लेक्सवरचे हसू नव्हते. "उद्यापासून पाठव," त्या म्हणाल्या. "आणि त्याला पुढच्या फाटकाने येऊ दे. मागून येणाऱ्याला मी शिकवत नाही."

मेहुण्यांनी मान हलवली. ते निघाले, पण निघता निघता पुढच्या बाजूला आले, जिथे मथळेकाका खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते शेजारी उकिडवे बसले. घसा साफ केला.

"भाऊजी, तुम्ही मागे म्हणत होता ना, तो बोर्ड दुरुस्त करायचाय."

"म्हणत होतो."

"मग करून टाका ना. मी माझा माणूस पाठवतो, फ्लेक्सवाला. सुरेख करेल. तेवढं एक अक्षर फक्त. पोरगा रोज त्याच्याखालून आत जाणार. ओळखीचे लोक असतात रस्त्याला."

"कुठलं अक्षर?"

"पहिलं. तो ढ."

मथळेकाकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मान मागे टाकून त्यांनी फाटकावरच्या त्या जाड, काळ्या, बूट घातलेल्या अक्षराकडे सावकाश, वरपासून खालपर्यंत पाहिले. मुद्रिते वाचताना ते असेच पाहत असत, आणि अशा वेळी छापखान्यात कुणी त्यांना बोलवत नसे.

"ढ?" ते म्हणाले. "तो दच आहे."